सुका बर्फ घरी करावा काय?



मागच्या महिन्यात गट ऑफिसात एक सभासद भेटले. त्यांचा मुलगा सातपूरच्या औद्योगिक वसाहतीत एका वेल्डिंगच्या वर्कशॉपात कामाला आहे. तिथे वेल्डिंगसाठी कार्बन डायऑक्साइड वायूचे सिलिंडर वापरतात. त्याच वायूपासून 'सुका बर्फ' म्हणजे ड्राय आइस बनविण्याचे छोटे यंत्र मिळते, असे मुलाला कळले. लग्नात धुके सोडायला आणि आइस्क्रीमवाल्यांना विकायला हा माल चालेल, असा त्याचा हिशेब. "यंत्र माडीवरच्या खोलीत मांडावं म्हणतो. वायू तर आपल्या मळीतूनच निघतो, मग धंदा आपणच का करू नये?" असे त्यांनी विचारले. प्रश्न रास्त आहे. पुष्कळ तरुण सभासदांच्या मनात असे काही असते, म्हणून उत्तर येथे सविस्तर देत आहोत.

वायू आपल्या मळीतला, हे खरे

मळी आंबविताना यीस्ट साखर खाते आणि दोन वस्तू देते : अल्कोहोल आणि कार्बन डायऑक्साइड. एक टन उसामागे सुमारे 40 ते 45 किलो मळी निघते. शेवटच्या, म्हणजे सी-हेवी मळीपासून त्यात नऊ-दहा लिटर अल्कोहोल होते. एक लिटर अल्कोहोलमागे सुमारे पाऊण किलो वायू सुटतो. म्हणजे आपल्या टनभर उसाच्या पोटात सात किलोच्या आसपास हा वायू दडलेला असतो. ज्या आसवनीत सोय आहे तिथे तो गोळा करून धुतात, सुकवितात आणि दाबाखाली द्रवरूप करतात. सोडावॉटरला, वेल्डिंगला आणि सुक्या बर्फाला तोच जातो.

यंत्र थंडी बनवीत नाही

साध्या बर्फाचे पाणी होते, सुक्या बर्फाचे होत नाही. पूजेतला कापूर उघडा ठेवला की ओल न सोडता उडून जातो, तसाच हा घनरूपातून थेट वायू होतो. याचे तापमान शून्याखाली 78 अंश. घरच्या फ्रीजरचे शून्याखाली 18 च्या आसपास, म्हणून फ्रीजमध्ये हा होणे शक्य नाही. पॅरिसमध्ये थिलोरिए या संशोधकाने 1835 साली द्रवरूप वायूच्या भांड्याचे तोंड उघडले, तेव्हा पांढरा भुगा साठलेला त्याला दिसला. आजचे छोटे यंत्र नेमके तेवढेच करते.

माठातले पाणी गार का होते, ते आपणांस ठाऊक आहे. थोडे पाणी बाहेर झिरपून उडते आणि जाताना उरलेल्या पाण्याची उष्णता घेऊन जाते. सिलिंडरमधला द्रव बारीक छिद्रातून सुटला की त्याचाही बराच भाग एकदम उडतो आणि उरलेला गोठून भुगा होतो. तो साच्यात दाबला की वडी तयार. यंत्राला ना मोटार, ना कॉम्प्रेसर. थंडीची किंमत सिलिंडर भरतानाच दिलेली असते.

आता हिशेब पाहा. साध्या हवेतल्या सिलिंडरमधून दहा किलो द्रव सोडला तर बर्फ फार तर अडीच किलो मिळतो. बाकीचे साडेसात किलो वायू होऊन खोलीत जातात. मोठ्या कारखान्यात तो वायू परत ओढून पुन्हा द्रव करतात, म्हणून त्यांना परवडते. घरी तो गेला तो गेला. तेव्हा यंत्र घेण्याआधी वायूचा किलोचा भाव विचारावा, त्याला चारने गुणावे, आणि मग तयार लादीचा भाव काढावा. बहुतेक वेळा उत्तर तिथेच मिळेल.

आणखी एक अडचण. हा वायू 31 अंशांच्या वर कितीही दाबला तरी द्रव राहत नाही. वैशाखातल्या उन्हात तापलेल्या सिलिंडरमध्ये दाब भरपूर, पण द्रव नाही आणि बर्फही फारसा हाती येत नाही. ऐन लग्नसराईत हीच गत! म्हणून सिलिंडर सावलीतच असावा. तो तापविणे, आडवा टाकून ठोकणे हे प्रकार तर जिवावरचे आहेत.

खरा धोका खोलीत

वर सांगितलेले साडेसात किलो म्हणजे सुमारे चार हजार लिटर वायू. दहा बाय दहाच्या, दहा फूट उंच खोलीत सुमारे 28 हजार लिटर हवा मावते. दारे-खिडक्या बंद असतील तर त्या हवेत शेकडा तेरा-चौदा भाग हा वायू होईल. शेकडा दहा भागातच माणूस काही मिनिटांत बेशुद्ध पडू शकतो. हा वायू हवेपेक्षा दीडपट जड, म्हणून खाली साचतो. जमिनीवर खेळणारे पोर आधी सापडते.

लग्नात दिसणारे धुके हे हवेतल्या बाष्पाचे असते, खुद्द वायू डोळ्यांना दिसत नाही. धुके विरले म्हणजे वायू गेला, असे समजू नये. आपल्याकडे विहिरीत उतरण्यापूर्वी कंदील सोडून पाहण्याची रीत आहे. ती वाईट नाही, पण या वायूपुढे अपुरी आहे. कंदील जळत असतानाच माणूस कोसळू शकतो. मळीची टाकी, आसवनीचे हौद, गोबरगॅसचा खड्डा येथेही हीच सावधगिरी हवी. आत कोणी पडला तर मागोमाग उतरू नये. तसे उतरलेलेही गेल्याची उदाहरणे पुष्कळ आहेत.

तरीही बर्फ लागलाच तर

तयार लादी आणावी आणि थर्मोकोलच्या खोक्यात, झाकण सैल ठेवून न्यावी. घट्ट बंद डब्यात वा बाटलीत ठेवली तर डबा फुटतो, कारण एक किलोचे पाचशे लिटरहून अधिक वायू होतात. गाडीच्या काचा उघड्या ठेवाव्यात. जाड हातमोजे घालावेत. नुसत्या हाताने धरल्यास भाजल्यासारखी जखम होते. खोक्यातूनही दिवसाला दोन ते साडेचार किलो उडून जातो, म्हणून आदल्या दिवशी आणून ठेवू नये.

हा तोंडात जाता कामा नये. मार्च 2024 मध्ये गुरुग्रामच्या एका उपाहारगृहात जेवणानंतर मुखशुद्धी म्हणून सुका बर्फ दिला गेला आणि पाच जणांना रक्ताच्या उलट्या होऊन इस्पितळात जावे लागले. लग्नघरात पोरांच्या हाती खडा लागणार नाही, याची जबाबदारी यजमानाची.

एक गैरसमजही दूर करतो. गाई-म्हशींच्या कृत्रिम रेतनाच्या रेतमात्रा यात साठवता येतील काय, असे काहींनी विचारले. येत नाहीत. त्यांना शून्याखाली 196 अंशांचे द्रवरूप नायट्रोजनच लागते. सुक्या बर्फात ठेवलेल्या मात्रा वाया जातील.

त्या सभासदांना आम्ही एवढेच सांगितले : माडीवर यंत्र मांडू नका. धंदाच करायचा असेल तर तयार लादी घेऊन वाटपाचा करा; सिलिंडर साठवायचेच झाले तर नागपूरला मुख्य कार्यालय असलेल्या स्फोटके सुरक्षा संघटनेचे नियम आधी समजून घ्या. ते हसून म्हणाले, "मग पोराला वेल्डिंगच करू द्यावं!" आम्हांलाही ते पटले.