सार्वजनिक वायफायवरून ईमेल का जात नाही?

स्टेशनवर किंवा विमानतळावर वायफाय जोडले की आलेले ईमेल दिसतात, पण लिहिलेले उत्तर काही केल्या जात नाही. अनेकदा कारण असते पोर्ट २५. मेल सर्व्हर एकमेकांशी याच दाराने बोलतात, आणि पूर्वी आपले संगणकही इथूनच मेल पाठवत. हॉटस्पॉटवर कोण येईल याचा नेम नसतो. व्हायरस शिरलेला एखादा लॅपटॉप भराभर स्पॅम पाठवतो आणि बदनाम होतो हॉटस्पॉटचा आयपी पत्ता. म्हणून चालक हे दार बंद करतात, ते योग्यच आहे. काही ठिकाणी मात्र या दाराने जाणारा मेल परस्पर स्वतःच्या सर्व्हरकडे वळवतात. हे साफ चूक आहे: मजकूर परक्या हाती पडतो, शिवाय मेल अधिकृत सर्व्हरवरूनच आला का हे पाहणाऱ्या एसपीएफ तपासणीत तो बनावट ठरू शकतो.

खरा उपाय १९९८ पासून ठरलेला आहे: पोर्ट ५८७. इथे आधी पासवर्डने ओळख पटवावी लागते, म्हणून हॉटस्पॉटने तो खुला ठेवावा. २०१८ च्या आरएफसी ८३१४ या इंटरनेट मानकाने तर सुरुवातीपासूनच कूटबद्ध असणाऱ्या पोर्ट ४६५ ला पसंती दिली. ब्राउझरमधून मेल पाठवणाऱ्यांना ही अडचण येत नाही. इतरांनी प्रवासाला निघण्यापूर्वी ईमेल अ‍ॅपच्या सेटिंगमध्ये पोर्ट तपासावा; २५ दिसला तर बदलून घ्यावा.