न बांधणारा गवंडी: गाजलेले पण न टिकलेले रॅपर

मागच्या वेळी आपण 'क्षमता' या शब्दापाशी थांबलो होतो. आज तोच शब्द जरा वेगळ्या मुलखात न्यायचा आहे, अमेरिकेतल्या रॅप संगीतात. सत्तरी ओलांडलेल्या तत्त्वज्ञानाच्या मास्तरांनी रॅपवर बोलावं याचं काहींना हसू येईल, येऊ द्या. पण क्षमतेचा प्रश्न तिथे जितका उघडा पडतो तितका आमच्या पाठ्यपुस्तकांत पडत नाही.

प्रश्न असा. एखादा रॅपर येतो, दोन-चार गाणी गाजतात, जाणकार माना डोलावतात. आजची मुलं म्हणतात तशी त्याची 'हवा' होते. आणि मग पुढे काहीच होत नाही. का? लोकांकडे दोन उत्तरं तयार असतात: 'आळशी होता' किंवा 'कंपनीनं मारला'. दोन्ही ऐकायला बरी वाटतात, कारण दोन्हींमध्ये एक गुन्हेगार सापडतो आणि विषय मिटतो.

जे इलेक्ट्रॉनिकाचं उदाहरण घेऊ. हा न्यू ऑर्लिन्सचा. 2007 मध्ये त्यानं मायस्पेसवर पंधरा-एक मिनिटांची सलग रचना टाकली. खाली एका चित्रपटाचं पार्श्वसंगीत, ड्रमचा ठेका नाहीच, आणि वर हा बोलत जातो. रॅपमधून ठेका काढणं म्हणजे लावणीतून ढोलकी काढण्यासारखं, तरीही लोक थक्क झाले. 2009 मध्ये जस्ट ब्लेझ या नामांकित निर्मात्यानं संगीत दिलेलं 'एक्झिबिट सी' आलं आणि हवा शिगेला पोचली. 2010 मध्ये जे-झीच्या रॉक नेशन कंपनीनं त्याला करारबद्ध केलं. पहिला अल्बम कधी आला? मार्च 2020 मध्ये. मधली दहा वर्षं श्रोते काय म्हणत होते? 'संपला.'

आता बघा, हा 'संपला' शब्द फार जुना आहे. ख्रिस्तपूर्व चौथ्या शतकात मेगारा नगरातल्या तत्त्वज्ञांचं म्हणणं होतं की माणूस एखादी गोष्ट करत असतो तेव्हाच ती करण्याची क्षमता त्याच्यात असते. गवंडी बांधत असेल तोवर गवंडी. थापी खाली ठेवली की त्याला बांधता येत नाही, असं म्हणायचं. ॲरिस्टॉटलनं याची खिल्ली उडवली. तो विचारतो, मग पुन्हा थापी उचलताच ती कला परत आली कुठून? आणि दुसरीकडे तो आणखी एक बारीक गोष्ट सांगतो: ज्ञान असलेला माणूस मनात येईल तेव्हा ते वापरू शकतो, *बाहेरून काही अडवत नसेल तर*. आमच्या मते आजचं सगळं व्याख्यान या शेवटच्या चार-पाच शब्दांत आहे.

बाहेरून काय अडवतं? सायगॉन नावाचा न्यूयॉर्कचा रॅपर घ्या. तरुणपणी तुरुंगात गेला, तिथेच रॅप करू लागला. 2004 मध्ये याच जस्ट ब्लेझमार्फत ॲटलांटिक या बड्या कंपनीशी करार झाला. 'आँतुराज' या दूरदर्शन मालिकेत तो स्वतःच्याच भूमिकेत दिसला. यापेक्षा जास्त हवा ती काय असायची? अल्बमचं नाव होतं 'द ग्रेटेस्ट स्टोरी नेव्हर टोल्ड', कधीच न सांगितलेली थोर कहाणी. नाव खरं ठरण्याची वेळ आली होती. शेवटी तो 2011 मध्ये एका लहान कंपनीकडून बाहेर आला. सात वर्षं गेली.

सात वर्षं अल्बम अडतो कसा, हे समजायला करार समजला पाहिजे. कंपनी कलावंताला आगाऊ रक्कम देते. आपल्याकडे यासाठी नेमका शब्द आहे: उचल. ऊसतोडीला जाणाऱ्या जोडप्याला मुकादम देतो ती. उचल म्हणजे बक्षीस नव्हे, ती पुढच्या कामातून वळती होते. फरक एवढाच, की रॅपरचं गाणं चाललं नाही तर सहसा त्याच्या घरचं काही ओढून नेत नाहीत. पण साधारणपणे ध्वनिमुद्रणाची मालकी कंपनीची असते आणि तिच्या परवानगीविना दुसरीकडे गाता येत नाही. कंपनीला वाटलं की बाजार अजून तयार नाही, तर पूर्ण झालेला अल्बमही कपाटात राहतो. कपाटातला अल्बम श्रोत्याला दिसत नाही. त्याला दिसते फक्त खाली ठेवलेली थापी.

पण सगळा दोष कंपनीवर ढकलणंही आम्हाला पटत नाही. पपूस हा ब्रुकलिनचा रॅपर. शब्दांवर विलक्षण हुकूमत. वर्णमालेतलं एकेक अक्षर घेऊन त्यानं अख्खं गाणं रचलं होतं. 2006 मध्ये जाइव्ह कंपनीनं त्याच्याशी केलेला करार 15 लाख डॉलरचा असल्याच्या बातम्या आल्या. पुढच्याच वर्षी दोघं वेगळे झाले. पहिला अल्बम स्वतःच्या बळावर 2013 मध्ये आला. इथे आणखी एक गोष्ट दिसते. सोळा ओळींचं कडवं चकित करणारं असणं ही एक कला, आणि तासभर ऐकवेल असा अल्बम उभा करणं ही दुसरी. बैठकीत एक तान अशी घ्यावी की 'क्या बात है' निघावं, हे पुष्कळांना जमतं. तोच राग पाऊण तास मांडायला बसलं की कळतं. हवा होते ती तानेची. करार होतो तो पाऊण तासाचा. आणि या दोन क्षमता वेगळ्या आहेत हे करारावर सही करणाऱ्या दोन्ही बाजूंना बहुधा उशिरा कळतं.

शिवाय हवेला स्वतःचं घड्याळ असतं, ते कलावंताच्या हातात नसतं. निप्सी हसलनं मात्र ते घड्याळ जवळजवळ झुगारलं. बड्या कंपनीतून बाहेर पडून त्यानं स्वतःची कंपनी चालवली. 2013 मध्ये 'क्रेनशॉ' इंटरनेटवर फुकट ठेवला आणि छापील प्रती फक्त हजार काढल्या, प्रत्येकी 100 डॉलरला. त्या विकल्या गेल्या. कंपनीमार्फतचा पहिला मोठा अल्बम 2018 मध्ये आला तेव्हा कोणी 'उशीर झाला' म्हणालं नाही, कारण मधल्या काळात थापी हातातच होती आणि लोकांना ती दिसत होती. पुढच्याच वर्षी त्याचा खून झाला. ती हकिगत वेगळी, पण 'यश टिकणं' म्हणताना आपण आयुष्य टिकणं गृहीत धरतो, हेही ध्यानात ठेवा.

जे इलेक्ट्रॉनिकाकडे परत येऊ, कारण तोच सगळ्यात अवघड आहे. त्याच्यामागे कंपनी होती, जे-झीसारखा पाठीराखा होता. 2013 मध्ये बिग शॉन आणि केंड्रिक लामारबरोबर तो 'कंट्रोल' या गाण्यात होता. चर्चा झाली ती एकट्या केंड्रिकच्या कडव्याची. आम्हाला वाटतं, वाट पाहणारा श्रोता मनातल्या मनात एक अल्बम तयार करत असतो. दरवर्षी तो आणखी थोर होत जातो आणि खऱ्या कलावंताला त्याच्याशी स्पर्धा करावी लागते. हाही बाहेरचाच अडथळा, फक्त दिसायला आतला. अखेर आलेल्या अल्बममध्ये बहुतेक गाण्यांत जे-झी सोबतीला आहे.

आणि गंमत पुढेच आहे. कित्येक वर्षं अडकलेला त्याचा दुसरा अल्बम ऑक्टोबर 2020 मध्ये आधी इंटरनेटवर फुटला, मग नाइलाजानं अधिकृतपणे बाहेर आला. म्हणजे गवंडी बांधत होता, दाखवत नव्हता. मेगारावाल्यांनी याला काय म्हटलं असतं? विचार करून ठेवा. आता तुमचे प्रश्न घेऊ.