मुकाट राहणे म्हणजे शांतता नव्हे

‘भांडू नका’ असे आपण मुलांना उठताबसता सांगतो. भांडायचे नाही तर करायचे काय, हे मात्र कोणी शिकवीत नाही. आमच्या घोडपदेवच्या चाळीत नळावर, जिन्यात, गल्लीतल्या क्रिकेटमध्ये मुलांचे रोज खटके उडतात. तेव्हा त्यांच्या बोलण्याच्या तीन तऱ्हा दिसतात. एक मूल शिवी देऊन अंगावर जाते. दुसरे मुकाट्याने बाजूला सरते. तिसरे जागचे न हलता म्हणते, ‘माझी कळशी आधी होती. तुझा नंबर माझ्यामागे.’ पहिली तऱ्हा आक्रमक, दुसरी शरणागतीची, तिसरी ठाम.

यांतल्या दुसऱ्या मुलाला आपण ‘गुणी’ म्हणतो, आणि धोका नेमका येथेच आहे. हे मुकेपण आपल्या समाजावर पिढ्यान्‌पिढ्या लादलेले होते. बाबासाहेबांनी १९२० साली काढलेल्या पाक्षिकाचे नाव ‘मूकनायक’ होते, ते उगाच नव्हे. २० मार्च १९२७ रोजी महाडला चवदार तळ्याचे पाणी प्याल्यानंतर आपल्या लोकांवर हल्ला झाला. बाबासाहेबांनी त्यांना उलट हात उचलू दिला नाही. पण तळ्यावरचा हक्कही सोडला नाही. तो लढा कोर्टात गेला आणि १७ मार्च १९३७ रोजी मुंबई हायकोर्टाने आपल्या बाजूने निकाल दिला. हात आवरणे आणि हक्क सोडणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मुलांना यातून नीट समजते.

रविवारी चाळीतल्या मुलांना मी रोहिणी नदीच्या पाण्याचा तंटा सांगतो. ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात बाबासाहेबांनी तो दिला आहे. शाक्य आणि कोलिय यांचे पाण्यावरून वाजले. शाक्यांच्या संघात युद्धाचा ठराव आला. सिद्धार्थाने विरोध केला आणि सुचविले : दोन माणसे आपली, दोन त्यांची, त्या चौघांनी पाचवा निवडावा आणि पाचांनी निवाडा करावा. त्याचे म्हणणे बहुमताने फेटाळले गेले, तरी त्याने आपले मत बदलले नाही.

नळावरच्या भांडणाला हीच रीत लावता येते. प्रत्येकाने आधी काय घडले ते सांगायचे, मग आपल्याला काय हवे ते. दुसरा बोलत असताना मध्ये तोंड घालायचे नाही. मग पाचांनी नियम ठरवायचा आणि तो दोघांनाही सारखा लागू करायचा.

मात्र या रीतीला एक मर्यादा आहे. नळावरचा नंबर हा तंटा आहे. जातीवरून केलेला अपमान हा तंटा नव्हे. तेथे ‘दोघांचेही थोडे चुकले’ असे म्हणून मिटवामिटवी करणे हा त्या मुलावर दुसरा अन्याय होय. अस्पृश्यता संविधानाच्या १७ व्या कलमाने नष्ट केली आहे. तिच्याबाबत तडजोड होऊ शकत नाही. अशा वेळी मुलाने शिवीला शिवी देऊ नये आणि गप्पही बसू नये. घडले ते शब्दन्‌शब्द मोठ्यांना सांगावे, आणि मोठ्यांनी ते लेखी तक्रारीत उतरवावे.