माती व पाणी राखण्याची सरकारी चाकरी

शाळेंतील शेवटची परीक्षा जवळ आली म्हणजे ‘पुढें काय?’ हा प्रश्न घरोघर निघतो. डॉक्टर, वकील, शिक्षक हीं उत्तरें मुलांच्या ओठांवर तयार असतात. परंतु ज्या मातीवर आपलें अन्न पिकतें ती राखण्यासाठीं सरकारचें एक स्वतंत्र खातें आहे व त्यांत होतकरू तरुणांस जागा आहे, हें पुष्कळ पालकांस ठाऊक नसतें. म्हणून या खात्याचें काम काय, त्यांत शिरण्याच्या वाटा कोणत्या आणि त्या वाटांवर धोके कोणते, हें आम्ही येथें थोडक्यांत सांगणार आहों.

प्रथम कामाचें स्वरूप पाहूं. पावसाचा थेंब उघड्या जमिनीवर आपटला म्हणजे मातीचे कण सुटे होतात, आणि उतारावरून धांवणारें पाणी ते कण घेऊन ओढ्यास मिळतें. वाहून जाते ती वरची, म्हणजे सर्वांत कसदार माती. तिचा एक इंच थर तयार होण्यास निसर्गास शेंकडों वर्षें लागतात. तो जाण्यास मात्र थोडे पावसाळे पुरतात. शिवाय पाणी वाहून गेल्यामुळें तें जमिनींत मुरत नाहीं व उन्हाळ्यांत विहिरी कोरड्या पडतात. दोन्ही दुखण्यांवर औषध एकच: पाण्याचा वेग मोडावा आणि त्यास जमिनींत उतरण्यास अवधि द्यावा.

हें काम माथ्यापासून पायथ्याकडे करावयाचें असतें. डोंगरावर समपातळींत चर खणून झाडें लावतात. ओघळींत अनघड दगडांचे बांध घालतात. शेतांत बांधबंदिस्ती करतात. आणि शेवटीं नाल्यावर मातीचे किंवा सिमेंटचे बांध व पाझर तलाव बांधतात. हा क्रम उलटा केला तर वरची माती खालीं येऊन तलाव गाळानें भरतो. चर समपातळींत न राहिला तर पाणी त्याच्या सखल टोंकाकडे धांवतें व तेथें नवी घळ पडते. यावरून या कामांत अचूक मोजणीस किती मोल आहे तें ध्यानांत येईल.

आपल्याकडे हें कार्य नवें नाहीं. कोरडवाहू शेतीच्या संशोधनाचें केंद्र सोलापुरास १९३३ सालीं निघालें, व १९४२ सालीं मुंबई प्रांतांत जमीन सुधारणा योजनांचा कायदा झाला. १९७२ च्या दुष्काळांत लक्षावधि लोकांनीं दुष्काळी कामांवर राबून पोट भरलें. त्या कामांत बांध व पाझर तलावही होते. पुढें राळेगणसिद्धि व हिवरे बाजार या गांवांनीं आपल्या शिवारांतच पाणी अडवून गांवाचें रूप पालटलें. उलट, २०१६ सालीं लातूर शहरास मिरजेहून आगगाडीनें पाणी पुरवावें लागलें. पुढच्याच वर्षीं, २०१७ मध्यें, महाराष्ट्र सरकारनें मृद व जलसंधारणासाठीं स्वतंत्र आयुक्तालय निर्माण केलें. तें आज छत्रपति संभाजीनगर येथें, ‘वाल्मी’ या संस्थेच्या आवारांत आहे.

या क्षेत्रांत शिरण्याच्या मुख्य वाटा तीन. पहिली स्थापत्य अभियांत्रिकीची. दहावीनंतर तंत्रनिकेतनांतील तीन वर्षांची पदविका, अथवा बारावीनंतर चार वर्षांची पदवी घेतलेल्यास जलसंधारण अधिकारी (गट-ब) या पदासाठीं परीक्षा देतां येते. त्याहून वरचें पद उपविभागीय जलसंधारण अधिकाऱ्याचें (गट-अ). त्याची सरळसेवा भरती महाराष्ट्र लोकसेवा आयोगाच्या अभियांत्रिकी सेवा परीक्षेंतून होते. दुसरी वाट कृषिशिक्षणाची. राहुरी, अकोला, परभणी व दापोली येथें राज्याचीं चार कृषि विद्यापीठें आहेत. तेथील पदवीधरास महाराष्ट्र कृषि सेवा परीक्षा देऊन कृषि खात्यांत अधिकारी होतां येतें, व जलसंधारणाचीं पुष्कळ कामें त्या खात्याकडेही असतात. कृषि अभियांत्रिकीच्या शिक्षणांत तर मृद व जलसंधारण हा स्वतंत्रपणें शिकविला जाणारा विषय आहे. तिसरी वाट संशोधनाची. डेहराडून येथील भारतीय मृदा व जल संरक्षण संस्थेचा पाया १९५४ सालच्या केंद्रानें घातला गेला. अशा संस्थांत शास्त्रज्ञ होऊं इच्छिणाऱ्यानें पदव्युत्तर शिक्षण घेऊन कृषि शास्त्रज्ञ निवड मंडळाची परीक्षा द्यावी लागते.

आतां धोके. सरकारी जाहिराती दरवर्षीं ठराविक वेळीं निघतीलच असें नाहीं, आणि वयाची मर्यादा मात्र कोणासाठीं थांबत नाहीं. जलसंधारण अधिकाऱ्यांच्या ६७० जागांसाठीं फेब्रुवारी २०२४ मध्यें झालेली परीक्षा गैरप्रकारामुळें रद्द करावी लागली व जुलैमध्यें ती पुन्हां घेतली गेली. प्रामाणिकपणें अभ्यास केलेल्या सहस्रावधि मुलांचे महिने त्यांत गेले. म्हणून पालकांस आमची आग्रहाची विनंति आहे कीं, ‘जागा मिळवून देतों’ म्हणणाऱ्या मध्यस्थास एक पैही देऊं नये. त्यासाठीं शेत गहाण ठेवणें तर दूरच राहो. त्याऐवजीं मुलानें अशी पदवी वा पदविका घ्यावी कीं, परीक्षेचा निकाल लागेपर्यंत तिच्या बळावर त्यास इतरत्र पोट भरतां येईल.

मुलांसही एक गोष्ट सांगावयाची आहे. ही खुर्चीवर बसून करण्याची चाकरी नव्हे. उन्हांत टेकड्या चढाव्या लागतात, शेतकऱ्यांची समजूत घालावी लागते, आणि मोजमापाच्या पुस्तकांत खरा आंकडा लिहिण्यास कधीं कधीं धैर्य लागतें. कागदावर पुरा झालेला व शिवारांत अपुरा राहिलेला बांध पहिल्याच मोठ्या पावसांत फुटतो, आणि त्याची शिक्षा खालच्या शेतकऱ्यास भोगावी लागते.

ज्यांस हें काम रुचेल त्यांनीं आजपासूनच तयारी करावी. गणित व भूगोल मन लावून शिकावे. नकाशांतील समोच्च रेषा वाचावयास शिकावें. दोन सारख्या काठ्या वर एकत्र बांधून मध्यें आडवी काठी लावावी व वरून दोरीला दगड टांगावा; या साध्या चौकटीनें समपातळी शोधतां येते. येत्या पावसाळ्यांत शाळेच्या मैदानावर ती लावून पाहावी, आणि पाणी कोठून येतें व माती कोठें जाते हें वहींत टिपून ठेवावें.