अतिव्यायाम : प्रशिक्षकाची वही आणि वैद्याचा सल्ला

व्यायाम अर्धशक्तीने करावा, असा दंडक अष्टांगहृदयाच्या दिनचर्या अध्यायात आहे. अतिव्यायामाने श्रम, क्लम, धातुक्षय, तृष्णा, रक्तपित्त, प्रतमक, कास, ज्वर व छर्दी हे विकार होतात असे चरकाचार्य सांगतात. शोषाच्या चार कारणांतही त्यांनी ‘साहसा’ची गणना केली आहे. परंतु लांब पल्ल्याच्या अव्वल धावपटूचे प्रशिक्षण मर्यादा ओलांडणे व नंतर झीज भरून काढणे यावरच उभे असते. ही मर्यादा घातक केव्हा ठरते, हे प्रशिक्षक कसे ओळखतात ते पाहू.

युरोप व अमेरिकेतील क्रीडावैद्यक संस्थांच्या २०१३ च्या संयुक्त निवेदनात तीन अवस्था मानल्या आहेत. पहिलीत थकवा काही दिवसांच्या विश्रांतीने जातो व कामगिरी सुधारते. दुसरीत पूर्ववत होण्यास आठवडे ते महिने लागतात. तिसरी म्हणजे प्रत्यक्ष अतिसराव व्याधी. तिला अनेक महिने लागतात. निदान निश्चित करणारी एकही रक्तचाचणी नाही. म्हणून पांडू, थायरॉइडचे विकार, जंतुसंसर्ग व अपुरा आहार वगळून मगच निदान करावे लागते.

जाणता प्रशिक्षक रोजची नोंदवही ठेवतो. सकाळची नाडीगती, निद्रा, क्षुधा, मनःस्थिती आणि स्नायूंची वेदना तीत लिहिली जाते. सरावाचा भार काढण्याची सोपी रीत अशी : खेळाडूने श्रमाला ० ते १० पैकी अंक द्यावा व त्यास मिनिटांनी गुणावे. ६० मिनिटांच्या सरावास ७ अंक दिल्यास भार ४२० होतो. नेहमीचाच वेग अधिक कष्टाचा वाटू लागणे, चिडचिड, निद्रानाश व वारंवार प्रतिश्याय ही लक्षणे एकत्र दिसताच भार कमी केला जातो. केवळ नाडीवर विसंबू नये. ती कधी वाढते, तर कधी बदलतही नाही. स्त्री खेळाडूंत रजोलोप हा अपुऱ्या आहाराचा गंभीर इशारा होय.

येथे माझी चूक नमूद करतो. काही वर्षांपूर्वी एक तरुण धावपटू ‘ताकदीचे औषध’ मागत आला. सरावाची चौकशी न करता मी अश्वगंधा दिली. उत्साह वाटताच त्याने अंतर वाढविले व दोन महिन्यांत तो पुरता खचला. पुढे त्याच्या प्रशिक्षकाची वही पाहिली, तेव्हा कामगिरीची घसरण माझ्या औषधापूर्वीच सुरू झालेली दिसली. निदानपरिवर्जन न करता दिलेले बृंहण येथे व्यर्थ ठरले. सराव थांबविणे, पुरेसे पिष्टमय व स्निग्ध अन्न, निद्रा आणि क्रमाक्रमाने पुनरारंभ हीच मुख्य चिकित्सा होती.

औषधविक्रेत्या बंधूंनी एक सावधगिरी अवश्य बाळगावी. कुचल्यातील स्ट्रिकनीन स्पर्धाकाळात जागतिक उत्तेजकविरोधी यादीनुसार निषिद्ध आहे. विषतिंदुक वटी व अग्नितुंडी वटी यांत कुचला असतो. सोमलतेतील एफेड्रिनही स्पर्धाकाळात ठराविक मात्रेपुढे निषिद्ध आहे. शरीरात निषिद्ध द्रव्य आढळल्यास जबाबदारी खेळाडूचीच धरली जाते. ‘वैद्यांनी दिले’ एवढ्याने त्याची सुटका होत नाही. त्याची अनेक वर्षांची साधना आपल्या एका पुडीने वाया जाऊ शकते.

यास्तव थकलेला खेळाडू दारी आला, तर औषधापूर्वी त्याची वही मागावी व प्रशिक्षकाशी बोलावे. अर्धशक्तीचे सूत्र त्याच्या बाबतीत एका दिवसाच्या श्रमाला नव्हे, तर श्रम आणि विश्रांती यांच्या मेळाला लावावे, असे माझे नम्र मत आहे.