डोलकाठीच्या पायाशी

कॅटलिना ३० या शिडाच्या बोटीच्या केबिनमध्ये छतापासून जमिनीपर्यंत एक खांब आहे. बोट हलायला लागली की नवखा माणूस त्यालाच धरतो. तो धरण्यासाठीच बसवलाय असं वाटावं, इतका हाताशी. पण त्याच्या बरोब्बर वर, डेकच्या पलीकडे, चाळीसेक फुटांची डोलकाठी उभी असते आणि तिचा सगळा भार या खांबातून बोटीच्या तळाला जातो.

१९७०च्या दशकात फ्रँक बटलर यांच्या कॅलिफोर्नियातल्या कारखान्यात ही ३० फुटी बोट तयार होऊ लागली. पुढे सहा हजारांहून जास्त बोटी पाण्यात उतरल्या. शिडाच्या बोटींमध्ये हा आकडा फार मोठा आहे. त्यातल्या कित्येक आज पन्नाशीला टेकल्यात आणि अजून समुद्रात जातात.

कोकणातल्या जुन्या फत्तेमारीची काठी खाली उतरून थेट बोटीच्या कण्यावर बसायची. कॅटलिनाची काठी डेकवरच टेकते. त्यामुळे ती उतरवणं-चढवणं सोपं जातं आणि डेकला मोठं भोक नसल्याने त्या वाटेने केबिनमध्ये पाणीही येत नाही. मात्र कण्यापर्यंतचं उरलेलं अंतर त्या खांबाला सांभाळावं लागतं.

काठीचं स्वतःचं वजन किरकोळ असतं. ती अ‍ॅल्युमिनियमची, पोकळ. खरा भार तिला दोन्ही बाजूंनी ताणून धरणाऱ्या तारांचा. वारा शिडाला आडवा रेटतो आणि वाऱ्याकडची तार काठीला धरून ठेवते. पण तारेचं खालचं टोक काठीपासून पाच फुटांच्या आतच बांधलेलं, म्हणजे तार जवळजवळ उभीच. अशी तार बाजूला थोडं ओढते आणि खाली खूप. जोराच्या वाऱ्यात हा दाब काही टनांवर जातो.

सुरुवातीच्या कॅटलिनांमध्ये खांबाच्या पायाशी, जमिनीखाली, लाकडी ठोकळा असे. गळतीचं पाणी साचतं तेही तिथेच. वर्षानुवर्षं ओल खाऊन ठोकळा कुजतो, खांब काही मिलिमीटर खचतो. वर तारा ढिल्या पडतात. मालक टर्नबकल, म्हणजे तारेला ताण देणारा स्क्रू, फिरवून त्या घट्ट करतो, आणि ही चूक माझ्या जिवाला सगळ्यात जास्त लागते, कारण प्रत्येक फेऱ्यानिशी काठी आणखी खाली दाबली जाते. तार ताणल्याचं समाधान मिळतं, पाया मात्र खचतच राहतो. आतल्या दाराची चौकट तिरकी होऊन दार घासायला लागलं, तर तारांना हात लावण्याआधी टॉर्च घेऊन जमिनीवर पालथं पडावं.

डेकचंही तसंच. त्या काळच्या अनेक बोटींच्या डेकमध्ये फायबरग्लासच्या दोन थरांमध्ये बाल्सा लाकूड किंवा प्लायवूड असतं. बोल्टच्या भोकातून पाणी मुरलं की वरून चकचकीत दिसणारा डेक आतून भुसभुशीत होतो. जाणकार प्लास्टिकच्या हातोडीने ठोकत जातात. टणक आवाज येता येता मध्येच बद्द आवाज आला की तिथे खडूने खूण.

तारा ज्या पोलादी पट्ट्यांना बांधतात त्या चेनप्लेट तर आणखी फसव्या. स्टेनलेस स्टीलला गंज लागत नाही तो पृष्ठभागावरच्या एका अतिसूक्ष्म थरामुळे, आणि तो थर टिकायला हवा लागते. पट्टी डेकमधून आरपार जाते तिथल्या फटीत खारं पाणी अडकतं, हवा पोचत नाही, आणि नेमकी तिथेच पट्टी झिजते. वरचा भाग चकाकतो, खालचाही चकाकतो. म्हणून पट्टी बाहेर काढून बघण्याला पर्याय नाही.

दुरुस्तीसाठी क्रेनने काठी उचलावी लागते. कुजलेलं लाकूड खरवडून तिथे फायबरग्लासचा भरीव थर देतात, ठोकळ्याच्या जागी न कुजणारं काही बसवतात. बोल्टची भोकं मुद्दाम मोठी पाडून एपॉक्सीने भरतात आणि त्या एपॉक्सीतून पुन्हा भोक पाडतात, म्हणजे पाणी झिरपलं तरी लाकडापर्यंत पोचत नाही.

१९६२ साली लंडनमध्ये ब्लॅकफ्रायर्सजवळ, थेम्सच्या गाळात, रोमन काळातलं एक जहाज सापडलं. डोलकाठी बसवायच्या खाचेत सम्राट डोमिशियनचं एक नाणं होतं आणि त्यावर सुकाणू धरलेली भाग्यदेवता फोर्तूना. ती चाल अजून मोडलेली नाही. काठी परत खाली येत असते, क्रेनवाला इंचाइंचाने दोर सोडत असतो, आणि कुणीतरी वाकून तिच्या पायाखाली एक नाणं सरकवतं.