साथ, विलगीकरण आणि शर्यतीतला न्याय

मोठ्या क्रीडास्पर्धेत ऐन शर्यतीच्या दिवशी खेळाडू आजारी पडला तर ते दुर्दैव मानले जाते आणि त्याबद्दल कोणी दाद मागत नाही. परंतु स्वतः धावायला तयार असलेल्या खेळाडूला इतरांच्या आरोग्यासाठी मैदानाबाहेर ठेवले जाते, तेव्हा प्रश्न दैवाचा न राहता निर्णयाचा होतो, आणि तो निर्णय कोणी, कशाच्या आधारावर व कोणाला कळवून घेतला, हे विचारणे भाग पडते. ऑगस्ट २०१७ मध्ये लंडन येथे भरलेल्या जागतिक अ‍ॅथलेटिक्स अजिंक्यपद स्पर्धेत हा प्रश्न बोट्स्वानाचा धावपटू आयझॅक मक्वाला याच्या निमित्ताने उभा राहिला, आणि त्याचे पूर्ण समाधान करणारे उत्तर आयोजकांना अखेरपर्यंत देता आले नाही.

स्पर्धेच्या सुरुवातीच्या दिवसांतच टॉवर ब्रिजजवळच्या एका हॉटेलात उतरलेल्या काही संघांमध्ये उलट्या-जुलाबांची साथ पसरली आणि जर्मनी, कॅनडा, आयर्लंड व बोट्स्वाना या देशांच्या पथकांना तिची झळ बसली. या साथीमागे नोरोव्हायरस हा विषाणू होता. निरोगी माणूस या आजारातून एक ते तीन दिवसांत बहुधा आपोआप बरा होतो, त्यावर खास औषध नाही आणि त्याची फारशी गरजही पडत नाही. मात्र हा विषाणू विलक्षण वेगाने पसरतो. संसर्गासाठी त्याचे अगदी थोडे कण पुरेसे असतात, दाराच्या मुठीवर किंवा नळावर तो दीर्घकाळ टिकतो, आणि हातावर चोळायच्या अल्कोहोलयुक्त सॅनिटायझरला तो फारशी दाद देत नसल्याने साबण आणि वाहते पाणी हाच त्यावरचा भरवशाचा उपाय ठरतो. लक्षणे थांबल्यानंतरही रुग्णाकडून संसर्ग होऊ शकतो, म्हणून लक्षणे थांबल्यापासून अठ्ठेचाळीस तास त्याने लोकांत मिसळू नये, असे ब्रिटनच्या सार्वजनिक आरोग्य यंत्रणेचे मार्गदर्शन आहे. विलगीकरण, म्हणजे आजारी किंवा आजाराचा संशय असलेल्या व्यक्तीला ठरावीक काळ इतरांपासून वेगळे ठेवणे, हा शब्द भारतीय वाचकांच्या अंगवळणी पडण्यास तेव्हा अजून तीन वर्षे अवकाश होता.

मक्वाला त्या हंगामात भरात होता. जुलै महिन्यात माद्रिदमध्ये त्याने एकाच दिवशी २०० मीटर अंतर १९.७७ सेकंदांत आणि ४०० मीटर अंतर ४३.९२ सेकंदांत पार केले होते, आणि हे दोन्ही अडथळे, म्हणजे वीस आणि चव्वेचाळीस सेकंद, एका दिवसात ओलांडणारा तो पहिलाच धावपटू होता. लंडनमध्ये ४०० मीटरच्या अंतिम फेरीत तो पोहोचलेला होता. सोमवार, ७ ऑगस्ट रोजी २०० मीटरच्या प्राथमिक फेरीपूर्वी सराव-मैदानाजवळच्या वैद्यकीय केंद्रात त्याला उलटी झाली आणि डॉक्टरांनी त्याला शर्यतीतून बाहेर काढून बुधवारी दुपारी दोन वाजेपर्यंत विलग राहण्यास सांगितले. ४०० मीटरची अंतिम शर्यत मंगळवारी रात्री होती. त्या संध्याकाळी मक्वाला स्टेडियमच्या दारापर्यंत आला, तेथून त्याला परत पाठवण्यात आले, आणि शर्यत एक लेन रिकामी ठेवून पार पडली. दक्षिण आफ्रिकेचा वेड व्हॅन नीकर्क ४३.९८ सेकंदांत विजयी झाला.

आपण बरे आहोत आणि धावू शकतो, असे मक्वालाचे म्हणणे होते, तर त्याच्यावर कोणतीही चाचणी केली गेली नाही, अशी बोट्स्वानाच्या पथकाची तक्रार होती. ही तक्रार ऐकताना जितकी बिनतोड वाटते तितकी ती नाही. साथ चालू असताना त्याच हॉटेलातल्या माणसाला उलटी झाली, तर डॉक्टर प्रयोगशाळेच्या अहवालाची वाट पाहत बसत नाहीत. लक्षणांवरून निदान करून रुग्णाला वेगळे करणे हीच जगभरची रीत आहे, कारण अहवाल येईपर्यंत विषाणू चार खोल्या पुढे गेलेला असतो. धावपटू शर्यतीपूर्वी एकाच खोलीत थांबतात, एकच स्वच्छतागृह वापरतात. त्यांच्यातल्या एकाला धावू देणे म्हणजे उरलेल्यांच्या कित्येक वर्षांच्या मेहनतीशी जुगार खेळण्यासारखे होते. वैद्यकीय निर्णय म्हणून त्यात खोट काढणे कठीण आहे.

खोट होती ती अन्यत्र. विलगीकरणाची माहिती संघाच्या डॉक्टरसमक्ष स्पष्टपणे देण्यात आली होती, असे आंतरराष्ट्रीय अ‍ॅथलेटिक्स महासंघाचे म्हणणे होते. तरीही खेळाडू दुसऱ्या दिवशी दारापर्यंत येतो आणि तेथे अडवला जातो, यावरून निदान इतके तरी दिसते की त्या सांगण्याचा अर्थ दोन्ही बाजूंनी एक घेतलेला नव्हता. शिवाय स्पर्धा भरवणारा आणि खेळाडूला तिच्यातून वगळणारा महासंघ एकच होता, त्यामुळे निर्णय योग्य असूनही तर्ककुतर्कांना ऊत आला. महासंघाला व्हॅन नीकर्कच जिंकायला हवा होता, अशी कुजबुजही सुरू झाली आणि कुठलाही दोष नसलेल्या त्या विजेत्याला जाहीरपणे आपले दुःख बोलून दाखवावे लागले.

विलगीकरण संपल्यावर बुधवारी संध्याकाळी महासंघाने मक्वालाला २०० मीटर एकट्याने, घड्याळाविरुद्ध, धावण्याची मुभा दिली. उपांत्य फेरीत प्रवेश मिळवण्यासाठी २०.५३ सेकंदांची मर्यादा होती. भर पावसात, शेजारी एकही प्रतिस्पर्धी नसताना, त्याने २०.२० सेकंद वेळ दिली आणि अंतिम रेषेपलीकडे जोर काढून दाखवले. प्रेक्षकांनी स्टेडियम डोक्यावर घेतले. सुमारे दोन तासांनी उपांत्य फेरीत तो २०.१४ सेकंदांत धावून पात्र ठरला आणि दुसऱ्या दिवशी अंतिम फेरीत २०.४४ सेकंदांसह सहावा आला. या तडजोडीने उपांत्य फेरीतली इतर कोणाची जागा गेली नाही, हे खरे. पण बाकीच्यांना दोन फेऱ्यांमध्ये दोन दिवस मिळाले असताना त्याला दोन तास मिळाले, हेही तितकेच खरे. प्राथमिक फेरीची भरपाई घड्याळाच्या मदतीने करता येते, कारण तेथे वेळ मोजून प्रवेश ठरतो. अंतिम शर्यतीत माणसाला माणसाशी झुंजायचे असते, ती एकट्याने पुन्हा धावता येत नाही. म्हणून ज्या शर्यतीत त्याला पदकाची खरी संधी होती, तिची भरपाई होणे अशक्यच होते.

या गदारोळात एका खेळाडूचे नाव मात्र जवळजवळ बुडून गेले. आयर्लंडचा थॉमस बार, २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये ४०० मीटर अडथळ्यांच्या शर्यतीत चौथा आलेला धावपटू, याच साथीमुळे त्याच सोमवारी उपांत्य फेरीतून बाहेर पडला. त्याच्यासाठी एकट्याची धाव नव्हती आणि वादही फारसा झाला नाही. आरडाओरडा झाला तेथे सवलत, झाला नाही तेथे नशीब, असा त्याचा अर्थ कोणी लावला तर त्याला गप्प करणे सोपे नाही.

पुढे टोकियो ऑलिंपिकच्या वेळी, २०२१ मध्ये, नियम आधीच छापून ठेवण्यात आले: रोजची लाळचाचणी, कोविडमुळे बाहेर पडणाऱ्यावर अपात्रतेचा शिक्का न मारता ‘सुरुवात केली नाही’ अशी नोंद, आणि त्या टप्प्यापर्यंत मिळवलेल्या किमान स्थानाला संरक्षण. अमेरिकेचा पोलव्हॉल्टपटू सॅम केंड्रिक्स या नियमांनुसार बाहेर पडला. त्याला हळहळ वाटली असेल, पण नियम ऐनवेळी केला असे तो म्हणू शकला नाही. पॅरिसमध्ये २०२४ साली ते नियम उरले नव्हते. अमेरिकेचा नोआ लाइल्स कोविडची बाधा असतानाच २०० मीटरच्या अंतिम शर्यतीत धावला, १९.७० सेकंदांसह कांस्यपदक मिळवून कोसळला आणि चाकाच्या खुर्चीतून बाहेर नेला गेला. ती शर्यत १९.४६ सेकंदांत जिंकली मक्वालाच्याच देशाच्या लेत्सिले तेबोगोने, आणि ते बोट्स्वानाचे पहिले ऑलिंपिक सुवर्णपदक होते.

दोन विषाणू वेगळे, हे मान्य करूनही सात वर्षांच्या अंतराने बाधित धावपटूला एका स्टेडियमच्या दारातून परत पाठवले जाते आणि दुसऱ्यात सुरुवातीच्या रेषेवर उभे राहू दिले जाते, याचे स्पष्टीकरण कोणत्या आजारासाठी किती तास, लेखी आदेश कोणाच्या सहीचा, अपील कोणाकडे आणि कोणती फेरी पुन्हा घेता येईल, अशा तपशिलांसह पहिल्या शर्यतीपूर्वीच खेळाडूंच्या हाती असायला हवे, आणि ते ठरवणारे डॉक्टर स्पर्धेच्या आयोजकांच्या अखत्यारीबाहेरचे असायला हवेत.